गळ्याला पेलणारे गाणे

कोथरूडच्या गृहसंस्थांतून हल्ली भरणाऱ्या कराओके-मेळाव्यांत मागच्या रांगेत बसून प्रत्येक गीताचे शब्द ओठांत घोळविणारी, परंतु ध्वनिक्षेपक पुढे येताच मान हलविणारी जी भगिनी दिसते, तिच्या संकोचाचे मूळ बहुधा गळ्यात नसून गीताच्या निवडीत असते. लता मंगेशकरांची कित्येक गीते तारसप्तकात विहरतात. उलट रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचा आवाज स्वभावतःच किंचित खाली उतरतो, तेव्हा साठीतही मूळ पट्टीचा हट्ट धरणे हा कंठावर जुलूमच होय. १९७१ साली जपानात दाइसुके इनोउए यांनी ज्याचा आरंभ केला, त्या यंत्रात आज पट्टी बदलण्याची मुभा असते: एक पायरी म्हणजे एक अर्धस्वर, आणि अशा बारा पायऱ्यांचे एक सप्तक. काळी पाच जड गेल्यास तीन पायऱ्या उतरून पांढरी पाच गाठावी. अंतऱ्यातील सर्वांत उंच शब्द घरी वाद्याविना म्हणून पाहावा. मानेच्या शिरा ताठ झाल्या, तर ते गीत तूर्त बाजूस ठेवावे. जात्यावरची ओवी चारपाच स्वरांतच फिरते, म्हणून ती कोणासही जमे. तशीच मध्यसप्तकातली, कडव्यांमधून श्वासाला उसंत देणारी भावगीते प्रथम निवडावीत, आणि पट्टी उतरविण्यास यंत्रचालकास निःसंकोच सांगावे.