एकच सीटी, दोन निदानं

रायपूरच्या गुढियारीतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. आईला अचानक धाप लागली. एका डॉक्टरांनी सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातली रक्ताची गुठळी दाखवली, दुसऱ्यांना त्याच सीटीत काहीच दिसलं नाही. मग खरं कोणाचं?

फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी कालव्यासारखी फुटत जाते: आधी चाऱ्या, मग पोटचाऱ्या. सीटीच्या वेळी शिरेतून सोडलेलं कॉन्ट्रास्ट नावाचं औषध त्यांत पांढरंशुभ्र दिसतं आणि गुठळीच्या जागी काळा डाग राहतो. मुख्य कालव्यातली गुठळी सहसा सगळ्यांनाच दिसते. वाद होतो पोटचाऱ्यांवर. श्वासानं छाती हलली किंवा कॉन्ट्रास्ट पोचण्याआधीच चित्र निघालं, तर मोकळी वाटही बुजल्यासारखी भासते. आयर्लंडच्या एका रुग्णालयात गुठळी नोंदवलेले १७४ सीटी छातीच्या तीन रेडिओलॉजिस्टांनी पुन्हा तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४५ सीटींत त्यांना गुठळी मिळाली नाही. सर्वांत बारीक फांद्यांतली तर निम्म्याहून अधिक निदानं टिकली नाहीत.

इथं जेकब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाची आठवण काढायलाच हवी. क्षयरोग शोधायला एक्स-रेची मोठी फिल्म बरी की छोटी, हे १९४०च्या दशकात त्यांना आणि सहकाऱ्यांना ठरवायचं होतं. पाच डॉक्टरांनी त्याच माणसांच्या लहानमोठ्या फिल्म वाचल्या. निष्कर्ष १९४७ साली आला: फिल्मच्या आकारापेक्षा वाचणाऱ्यांतला फरक मोठा! तीच फिल्म काही काळानं पुन्हा दिली, तेव्हा डॉक्टरांचं स्वतःशीही जुळेना. येरुशाल्मींनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी उपाय सुचवला: दोघांनी स्वतंत्रपणे वाचावं. आज गुठळी शोधणाऱ्या संगणकाचं कौतुक होतं. पण तोही तज्ज्ञांनी खुणा केलेल्या चित्रांवरच शिकतो. त्यांचे मतभेद त्याच्यातही उतरतात.

छत्तीसगडात हा प्रश्न अधिक जड आहे. इथं सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ. त्यांना गुठळीचा धोका जास्त, आणि धाप व छातीदुखी त्या आजाराच्या छातीतल्या गुंतागुंतीतही येते. गुठळी निसटली तर जीव जाऊ शकतो. नसताना रक्त पातळ करणारी औषधं महिनोन्‌महिने दिली, तर रक्तस्रावाची भीती.

म्हणून अहवालाच्या कागदावर थांबू नका, सीटीची सीडी मागून घ्या. ती छातीच्या रेडिओलॉजिस्टला दाखवा, पण आधीचे अहवाल त्यांचं वाचन झाल्यावरच पुढे करा. पायांच्या शिरांत गुठळी आहे का, हे पाहायला सोनोग्राफी हवी का, हेही विचारा. तोवर चालू औषध आपल्या मनानं बंद करू नका.