लव्ह यू भावा, लोभ असावा

शिराळ्याच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागते. सोडायला आलेला मित्र खिडकीखाली उभा असतो. दोघांनी मिळून पिशव्या वर चढवलेल्या असतात, बोलण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. गाडी हलते आणि आतून आवाज येतो, "लव्ह यू भावा!"

या तीन शब्दांनी सांगली-कोल्हापूरकडच्या बोलीत पक्कं घर केलंय. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाच्या फोटोखाली ते हटकून सापडतात. अख्खं 'आय लव्ह यू' मात्र तिथं कोणी लिहीत नाही. खुद्द इंग्रजीतही हा भेद आहे. पूर्ण वाक्य म्हणजे कबुली. ते पहिल्यांदा उच्चारताना माणूस अडखळतो. 'आय' गळालं की त्याचा भार उतरतो आणि उरलेलं 'लव्ह यू' फोन ठेवताना रोज म्हणता येतं. पत्राखाली सहीच्या वर नुसतं 'लव्ह' लिहिलं तरी चालतं, अगदी मावशीलासुद्धा.

आपल्याकडे हे वाक्य बऱ्याच अंशी हिंदी सिनेमातून आलं. १९९१च्या 'सौदागर'मधल्या 'इलू इलू'नं त्याची आद्याक्षरंच पोरांच्या तोंडी दिली. त्यामुळे 'आय लव्ह यू' म्हणजे मुला-मुलीचं प्रकरण, हे डोक्यात घट्ट बसलं. आईला ते म्हणायची सोय उरली नाही. 'लव्ह यू'नं ती अडचण सोडवली, आणि ही फार मोलाची गोष्ट झाली.

'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे मराठी वाक्य शुद्ध आहे, पण घरात ते कानाला परकं लागतं. घरातली मराठी 'मी'ला बाजूला सारते. 'माझा तुझ्यावर जीव आहे' म्हणताना कर्ता असतो जीव. भूक लागते, तहान लागते, तसाच लळा लागतो; तो कोणी ठरवून लावून घेत नाही. आणि बरंचसं तर बोलायचंच नसतं. परगावी निघालेल्या नातवाच्या गालांवरून आजी दोन्ही तळवे उतरवते, बोटं आपल्या कानशिलांवर टेकवून कडाकडा मोडते आणि एवढंच म्हणते, "पोचल्याव फोन कर."

फोन नव्हते तेव्हा हे काम पत्रं करायची. शिराळा, पाटण, शाहूवाडी या डोंगरी भागातले कितीतरी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत राबले. गावाकडचं पत्र अनेकदा दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं असायचं. पाऊस, म्हैस, उसनवारी असा सगळा मजकूर संपला की ठरलेली ओळ यायची: 'कळावे, लोभ असावा ही विनंती.'

हा लोभ मोठा विलक्षण शब्द आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहा शत्रूंमध्ये कीर्तनकार त्याला बसवतात, आणि पत्राच्या शेवटी माणसं तोच मागून घेतात. त्याचं गोत्रही लांबवर पोचलेलं आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं. पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी शब्दांच्या वंशावळी लावल्या, तेव्हा संस्कृतातला 'लुभ्' धातू, जर्मन 'लीबं' आणि इंग्रजी 'लव्ह' एकाच कुळातले निघाले. गिरणगावातल्या खोलीत पोचणारा 'लोभ' आणि एसटीच्या खिडकीतून येणारा 'लव्ह' ही सख्ख्या नात्यातली भावंडं आहेत.

भावंडांचा विषय शिराळ्यात नागपंचमीला येऊन थांबतो. इथल्या बायका नागाला भाऊ मानून पूजतात. गोरक्षनाथांनी महाजनांच्या घरी मातीच्या नागाची पूजा पाहिली आणि जिवंत नागाची पूजा सुरू करून दिली, अशी इथली कथा आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास धरतात. त्या संध्याकाळी गावातून मुंबई-पुण्याला फोन लागतात.

"उपास हाय आज तुजा. तू जेवलास का?"

"जेवलो. लव्ह यू ताई."

"बरं बरं. गाडीत बसलास की सांग."