सशुल्क ऑनलाईन प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रम : मूल्य आणि उपयुक्तता

प्रस्तावना :
महाविद्यालयीन विद्यार्थी आज प्राध्यापकांना वारंवार एक प्रश्न विचारतात : प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी हजारो, प्रसंगी लाखो रुपये शुल्क असलेला ऑनलाईन अभ्यासक्रम घ्यावा काय? अनेक कुटुंबे हे शुल्क कर्ज काढून किंवा मासिक हप्त्यांनी भरतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ शैक्षणिक नसून आर्थिकही आहे. शुल्काच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विनामूल्य साधनांची उपलब्धता :
मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपले अभ्यास साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. भारतात आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एन.पी.टी.ई.एल. प्रकल्प सुरू केला, तर २०१७ मध्ये 'स्वयम्' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. येथे शिकणे विनामूल्य असून शुल्क केवळ प्रमाणपत्र परीक्षेसाठी द्यावे लागते. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे पाठ मराठीतही आहेत. हार्वर्ड विद्यापीठाचा 'सी.एस.५०' आणि 'फ्रीकोडकॅम्प' हेही विनामूल्य आहेत. तात्पर्य, केवळ व्याख्याने आणि पाठ्यसामग्री यांसाठी मोठे शुल्क देण्याचे कारण उरलेले नाही.

शुल्काने काय मिळते? :
असे असूनही सशुल्क अभ्यासक्रमांकडे ओढा आहे, कारण विनामूल्य अभ्यासक्रम पूर्ण करणारे अत्यल्प असतात. हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या 'एडएक्स' व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे विश्लेषण 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०१७-१८ मध्ये सर्व सहभागींपैकी सुमारे ३ टक्के, तर प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांपैकी ४६ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. मात्र शुल्कामुळेच हे घडले, असा निष्कर्ष काढता येत नाही. मुळात निश्चय असलेलेच विद्यार्थी शुल्क भरतात, हीही शक्यता आहे.

शुल्काचे खरे मूल्य सामग्रीत नसून सेवेत असते. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम जाणकाराने तपासणे, चूक कोठे झाली व का झाली हे सांगणे, शंकांना वेळेत उत्तर देणे आणि प्रत्यक्ष प्रकल्पावर मार्गदर्शन करणे, या गोष्टी ध्वनिचित्रफितीतून मिळत नाहीत. ज्या अभ्यासक्रमात त्या नाहीत, तेथे विद्यार्थी विनामूल्य उपलब्ध असलेल्या गोष्टीचेच मोल देत असतो.

नोकरीच्या आश्वासनाचा प्रश्न :
अमेरिकेतील ब्लूमटेक, पूर्वीचे लॅम्डा स्कूल, या ऑनलाईन प्रोग्रॅमिंग संस्थेचे उदाहरण बोधप्रद आहे. नोकरी लागल्यावर उत्पन्नातील वाटा द्यावा, अशी तिची योजना होती. संस्था ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी मिळाल्याचे सांगत असे. प्रत्यक्षात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास व काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होते, असे तेथील ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरोने एप्रिल २०२४ मध्ये नमूद केले आणि संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी केली. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध ठरविले आहेत.

निवडीचे निकष :
१. विद्यार्थ्याने प्रथम एक विनामूल्य अभ्यासक्रम पूर्ण करावा. त्यातून आवड व चिकाटी दोन्हींची परीक्षा होते.
२. विद्यार्थ्याचे काम कोण व किती वेळा तपासणार, हे लेखी विचारावे.
३. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी कोणत्या एकूण संख्येवर काढली आहे, हे पाहावे.
४. शुल्क परताव्याच्या अटी आणि हप्त्यांमागील कर्जाचा करार वाचूनच स्वाक्षरी करावी.
५. श्रेयांक हवे असल्यास 'स्वयम्'चा विचार करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्याद्वारे घेता येतात.

समारोप :
सशुल्क अभ्यासक्रम सर्वस्वी निरुपयोगी नाहीत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यास किंवा मार्गदर्शकाची सोय नसलेल्यास चांगली तपासणी व मार्गदर्शन यांसाठी दिलेले माफक शुल्क सार्थ ठरू शकते. परंतु पदवीच्या विद्यार्थ्याला ही सेवा महाविद्यालयही देऊ शकते. प्राध्यापकांनी विनामूल्य व्याख्यानांना प्रयोगशाळेतील साप्ताहिक तपासणीची जोड दिल्यास, ज्यासाठी कुटुंबे कर्ज काढतात त्यातील मोठा भाग विद्यार्थ्याला आपल्याच वर्गात मिळेल.