जड धातूंचे दूषण आणि शरीरव्यापार

चार वर्षांपूर्वी नायगावचे एक गृहस्थ पोटात पीळ पडतो म्हणून चिकित्सालयात आले. वय पन्नाशीच्या आसपास. मलावष्टंभ, पांडुता, मनगटांत दौर्बल्य. वातज शूल समजून मी अनुलोमन व लोहकल्प सुरू केले. महिना लोटला तरी उतार पडेना. पुन्हा विचारपूस केली तेव्हा कळले, की सांधेदुखीसाठी ते एका फिरत्या विक्रेत्याकडील बिनलेबलच्या पुड्या सात-आठ महिने घेत होते. रक्तातील शिशाची तपासणी करविली. प्रमाण मर्यादेच्या अनेक पट निघाले. ‘आणखी कोणते औषध घेता?’ हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला नव्हता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

लोह देऊनही पांडुता का हटली नाही, याचे उत्तर शिशाच्या कार्यपद्धतीत आहे. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना ते घट्ट चिकटते. हीम तयार होण्याच्या साखळीतील एक आरंभीचे विकर आणि अखेरीस हीममध्ये लोह बसविणारे फेरोकेलाटेज ही दोन्ही त्यामुळे मंदावतात. लोह हाताशी असूनही रक्तकणास ते वापरता येत नाही. शिवाय शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. नाडीतंतूंच्या संदेशवहनात लुडबूड करते आणि अस्थींत जाऊन बसते. प्रौढाच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे अस्थींतच असते व तेथे दशकानुदशके टिकते. गर्भावस्था, स्तन्यकाल, वार्धक्यातील अस्थिक्षय अशा वेळी ते पुन्हा रक्तात उतरते. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वर्णिलेले दूषीविष, म्हणजे क्षीणवीर्य होऊन वर्षानुवर्षे देहात राहणारे आणि निमित्त मिळताच प्रकुपित होणारे विष, येथे कोणाही वैद्यास आठवेल. साम्य विलक्षण आहे. पण ‘आमच्या ग्रंथांत हे होतेच’ एवढ्यावर समाधान मानणारा वैद्य रक्ततपासणीस पाठवावयाचे विसरतो, असा माझा अनुभव आहे. त्यात मीही आलो.

पाऱ्याची गोष्ट आपल्या दारातली आहे. उल्हास नदी अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणचा औद्योगिक पट्टा ओलांडून वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. तिच्या खाडीक्षेत्रातील गाळात साचलेल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्राणवायुरहित चिखलात जीवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा प्रकार आतड्यातून सहज शोषला जातो, मेंदूत व अपरेतून गर्भात शिरतो, आणि लहान जीवाकडून मोठ्या माशाकडे जाताना वाढत जातो. १९५६ साली जपानच्या मिनामाता येथे उघडकीस आलेला विकार याच वाटेने आला होता. आपल्याकडील मासळीविषयी घबराट पसरविण्याचा माझा हेतू नाही. कोळीबांधवांचे पोट त्यावर आहे आणि मासळी हा उत्तम आहारही आहे. गर्भिणीस मात्र मुशीसारख्या मोठ्या माशांऐवजी मांदेली, जवळा सुचवावा, इतकेच.

कॅडमियमचा मार्ग वनस्पतींतून येतो, आणि औषधालयांच्या मालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. यकृतात ते मेटॅलोथायोनीन या प्रथिनाशी बांधले जाते, पुढे वृक्काच्या बाह्यस्तरात साठते आणि सूक्ष्म नलिकांना इजा करते. बाहेर पडावयास त्यास अनेक वर्षे लागतात. ब्राह्मी ही पाणथळ जागेतील वनस्पती जड धातू शोषून घेण्यात इतकी तरबेज आहे, की दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी तिचे प्रयोग झाले आहेत. जो गुण तेथे उपकारक तोच आपल्या घृतात अपकारक! वालीव-सातिवलीकडील कारखान्यांच्या नाल्याकाठची हिरवीगार ब्राह्मी स्वस्त मिळाली, तरी ती घेऊ नये. मुळे धुऊन आतले कॅडमियम जात नाही.

रसौषधींचा प्रश्न वेगळा आहे. तेथे धातू हेतुपुरस्सर असतो आणि शोधन-मारणाची शिस्त असते. रेखापूर्ण, वारितर, अपुनर्भव या परीक्षा आवश्यकच; परंतु भस्म पाण्यावर तरंगते म्हणून त्यातील शिसे शरीरात शोषले जाणारच नाही, असे सिद्ध होत नाही. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांचा अहवाल आला. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा ते षड्यंत्र ठरविले. शासनाने मात्र १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांना धातुपरीक्षण सक्तीचे केले. वनस्पतिद्रव्यांसाठी दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा आहेत. कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेबरोबर या चार आकड्यांचे प्रमाणपत्र मागावे. पुरवठादार कुरकुरतो, माझा एक तर निघूनच गेला.

नायगावच्या त्या गृहस्थांना मी रुग्णालयात पाठविले. तेथे धातुनिष्कासक औषधे दिली गेली आणि शूल थांबला. तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातील शिसे पुन्हा थोडे चढले, अस्थींतून आलेले. ते आजही दर सहा महिन्यांनी तपासणी करवून अहवाल मला दाखवावयास येतात.