जलपर्णी : फुलण्याआधीच ओळखावी

नांदेड येथे गोदावरीच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा थर वारंवार पसरतो. तलावांच्या साठ्यावर विसंबणाऱ्या भोकर परिसरानेही या वनस्पतीची ओळख वेळीच करून घेणे हिताचे आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. शोभेची वनस्पती म्हणून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि इतकी पसरली की १९३६ साली तेथे तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला.

गोलसर, चकचकीत पाने, देठाला स्पंजासारखा फुगवटा, पाण्यात लोंबणारी पिसासारखी काळसर मुळे आणि वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असलेले जांभळे फूल, ही तिची लक्षणे. अनुकूल स्थितीत सुमारे दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होतो. दाट थराखाली प्राणवायू घटून मासे गुदमरतात. डासांना मात्र आसरा मिळतो.

तणनाशक फवारल्यास मेलेली झाडे पाण्यातच कुजतात, प्राणवायू आणखी घटतो आणि जलचरांचा घात होतो. म्हणून रोपे मोजकी असतानाच, फुलण्यापूर्वी, हाताने मुळासकट काढावीत. कारण तिचे बी तळाच्या गाळात अनेक वर्षे टिकते. काढलेला ढीग काठावर न ठेवता दूर नेऊन त्याचे खत करावे.

तलावात मिसळणाऱ्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसते. केवळ वरचा थर काढणे म्हणजे व्याज फेडणे. मुद्दल तसेच राहते. गावातील दानशूरांनी सफाईच्या यंत्राआधी सांडपाण्याच्या नाल्याकडे लक्ष द्यावे.