संहितेचा प्रश्न : व्हिडिओ गेममधील हिंसा, अश्लीलता आणि परिनिरीक्षण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचा मराठी मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूर येथे सुरू झाले. नागपूर उच्च न्यायालयाचे तोवरचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला हेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला आणि नागपुरातच वकिली केलेला हा विद्वान गृहस्थ डिसेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे त्यांनी लिहिलेल्या दोन निकालपत्रांवर, काय वाचावे आणि काय पाहावे यासंबंधीचा भारतीय न्यायविचार पुढे कित्येक दशके उभा राहिला. पहिला निकाल १९६४ चा. डी. एच. लॉरेन्स यांची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा त्यात कायम झाली. दुसरा १९७० चा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लघुपटासंबंधीच्या या निकालात चित्रपटाचे पूर्वपरिनिरीक्षण घटनेशी सुसंगत ठरवण्यात आले.

याच जबलपूरच्या न्यायालयासमोर २०२२ साली एका जामीन अर्जाच्या निमित्ताने ऑनलाइन खेळांचा विषय आला. घरातील वडीलधाऱ्याच्या खात्यातील रक्कम एका तरुणाने ऑनलाइन सट्ट्यात घालविल्याचे ते प्रकरण होते. अशा व्यवहारांविषयी कायदा करण्याच्या दृष्टीने काय करता येईल, अशी विचारणा न्यायालयाने राज्य शासनाकडे केली. त्याच वर्षाच्या जानेवारीत भोपाळमधील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर राज्याच्या गृहमंत्र्यांनी ऑनलाइन खेळांवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याची घोषणा केली होती. पैसा, व्यसन, हिंसा आणि बालमन हे सारे विषय त्या चर्चेत एकत्र मिसळून गेले. त्यांतील खेळातल्या आशयाचा, म्हणजे त्यातील हिंसेचा आणि कामुकतेचा, प्रश्न वेगळा काढून पाहिला तर तो केवळ कायद्याचा राहत नाही. तो साहित्यशास्त्राचाही ठरतो. याचे कारण असे की, परिनिरीक्षण करावयाचे तर आधी काहीतरी स्थिर संहिता हाती असावी लागते. पुस्तकाला ती असते, चित्रपटाला असते, नाटकालाही काही अंशी असते. व्हिडिओ गेमला ती कितपत असते?

हिदायतुल्लांच्या दोन्ही निकालांत संहितेचे हे स्थैर्य गृहीत आहे. १९६४ च्या निकालाने हिक्लिन या १८६८ च्या इंग्रजी खटल्यातील कसोटी स्वीकारली. ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होण्याचा संभव आहे अशांच्या हाती ते पुस्तक पडल्यास ते बिघडतील काय, असा त्या कसोटीचा रोख होता. मात्र कामविषय आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत, आणि कलेचा अंश पुरेसा प्रबळ असेल तर अश्लीलता झाकोळून जाते, अशी जोडही त्याच निकालात आहे. मराठी वाचकाला अधिक जवळचे प्रकरण 'रंभा' मासिकाचे. त्याच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा प्रसिद्ध झाली. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्या. जगनमोहन रेड्डी यांच्या त्या निकालातील विचार असा की, कथा समग्र वाचावयास हवी, समाजाची अभिरुची बदलत असते, आणि एखाद्या अपवादात्मक वाचकाचे नव्हे, तर ती कथा ज्या वर्गाच्या हाती पडते त्या वर्गाचे काय होते ते पाहावयास हवे. २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाची कसोटी मान्य केली. त्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून 'शामा'चे महत्त्व आहे. दिवाळी अंकातील एका कथेला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. हा सगळा इतिहास अश्लीलतेचा आहे, हिंसेचा नाही. फौजदारी कायद्याने अश्लील लेखनाला गुन्हा ठरवले. हिंसेचे वर्णन केले म्हणून कादंबरीकाराला न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. मराठी समीक्षेनेही अश्लीलतेवर वाद भरपूर घातले. मर्ढेकरांच्या कवितांवरील खटल्यापासून 'सखाराम बाइंडर'पर्यंतची ती परंपरा सर्वश्रुत आहे. हिंसेच्या चित्रणाची अशी स्वतंत्र मीमांसा मात्र विरळच. कायद्यातील ठळक अपवाद १९५६ च्या एका अधिनियमाचा. परदेशातून येणाऱ्या भीषण चित्रकथांच्या धास्तीने संसदेने अल्पवयीनांसाठी घातक प्रकाशनांविषयीचा कायदा केला. गुन्हे, क्रौर्य आणि किळसवाण्या घटना चितारून तरुण वाचकाला बिघडविणारे साहित्य हा त्याचा विषय होता, आणि 'तरुण व्यक्ती' म्हणजे वीस वर्षांखालील, अशी त्याची व्याख्या होती. आज गेमविषयी जे बोलले जाते ते जवळजवळ सारे तेव्हा चित्रकथांविषयी बोलून झाले होते.

रंगभूमीकडे वळले की संहितेचा प्रश्न अधिक टोकदार होतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कथानक महाभारतातले, घराघरात ठाऊक असलेले. संहितेत कर्झनचे नाव नाही, इंग्रजांचे नाही. परंतु प्रेक्षक कीचकात कर्झन पाहत होते, द्रौपदीत पारतंत्र्यातील देश पाहत होते, आणि भीमाच्या हातून होणाऱ्या वधाला मिळणारा प्रतिसाद नाटकाच्या छापील पानावर कोठेच नव्हता. बंदी घातली गेली ती प्रेक्षागृहात निर्माण होणाऱ्या अर्थावर. तमाशात तर बतावणी आणि सवालजवाब यांत उत्स्फूर्ततेला इतका वाव असतो की आधी तपासून दिलेली संहिता आणि रात्रीचा प्रयोग यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रात रंगभूमीवरील प्रयोगांची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला त्या मंडळाचा विरोध झाला, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जाऊन प्रयोगाचा हक्क मिळवावा लागला.

गेममध्ये ही उत्स्फूर्तता अपवाद नसून रचनेचा पाया आहे. 'पब्जी' या नावाने घरोघरी पोहोचलेल्या खेळात शंभरापर्यंत खेळाडू एका भूभागावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. नकाशा, शस्त्रे आणि नियम निर्मात्याने दिलेले. कोणी कोणाला कोठे गाठले आणि कसे मारले, हे दर डावाला नवे. खेळाडू एकमेकांशी बोलतात, शिव्या देतात, तेही खेळाच्या अनुभवाचाच भाग. मग परिनिरीक्षकाने नेमके काय पाहावे? एक डाव पाहून मत द्यावे, की शंभर? कादंबरीत लेखकाने खून घडविलेला असतो, वाचक तो वाचतो. येथे बटण दाबणारा बोटाचा धनी स्वतः वाचकच असतो. गेमविरोधकांच्या भीतीत जो खरा अंश आहे तो हाच. केवळ पाहणे आणि स्वतः करणे यांतला फरक त्यांनी ओळखलेला आहे, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

संहिता दिसते तेवढीच असते असेही नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या खेळाच्या संगणकीय मजकुरात निर्मात्यांनी सोडून दिलेले एक कामुक दृश्य दडलेले होते. सामान्य खेळात ते दिसत नसे. एका हौशी तंत्रज्ञाने केलेल्या बदलामुळे ते उघड झाले आणि जुलै २००५ मध्ये अमेरिकेतील मानांकन मंडळाने त्या खेळाचे वर्गीकरण बदलून ते केवळ प्रौढांसाठी केले. जे लिहिले आहे पण दाखवलेले नाही, ते संहितेत धरावे काय? हस्तलिखितात खोडलेल्या ओळींवरून लेखकावर खटला भरावा तसाच हा प्रसंग. फरक इतकाच की येथे खोडलेली ओळ वाचकाला परत उजळवता येत होती.

भारतातील आजवरचे उपाय पाहिले तर त्यांत आशयाचा विचार सर्वांत कमी आढळतो. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जीवर बंदीचा आदेश काढला आणि तो मोडून खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही केली. खेळ पाहिला कोणी, तपासला कोणी, हा प्रश्न तेथे गौण होता. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयातही बंदीची मागणी करणारी याचिका आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने खरोखरच पब्जी बंद केला, पण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ खाली, इतर ११७ ॲपसह, देशाच्या सार्वभौमत्वाच्या आणि सुरक्षिततेच्या कारणावरून. त्यातील गोळीबाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला तेव्हा त्यात रक्ताचा रंग हिरवा होता आणि अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. हिरव्या रक्ताची ही युक्ती विचार करण्याजोगी आहे. वध तोच, नेम तोच, जिंकण्याची अटही तीच. बदलला तो केवळ रंग. जुन्या चित्रपटांत चुंबनाच्या जागी दोन फुले एकमेकांवर झुकत, त्याच जातीचा हा संकेत आहे. फुलांनी निदान काहीएक काव्य निर्माण केले होते.

भरताच्या नाट्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या पद्धतीने हाताळलेला दिसतो. युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या सूचित कराव्यात, असे तेथे सांगितले आहे. चुंबन, आलिंगन, शयन यांनाही रंगमंचावर मनाई आहे आणि तिचे कारणही दिले आहे : पिता, पुत्र, सून, सासू हे सारे नाटक एकत्र बसून पाहतात. म्हणजे निषेध वस्तूत नाही, सहप्रेक्षकांत आहे. कोण कोणाच्या शेजारी बसून पाहतो, यावर काय दाखवावे हे ठरते. मोबाइलवरचा खेळ ही सारी बैठकच मोडतो. मूल एकटे असते, कानात यंत्र असते, आणि ज्यांच्यामुळे संकोच वाटावा ती सून-सासू दुसऱ्या खोलीत असतात. रंगमंचावरील दृश्य कापून जे साधत होते ते येथे दृश्य कापून साधत नाही, कारण उणीव दृश्याची नसून सोबतीची आहे.

अब्बास यांच्या प्रकरणाकडे पुन्हा पाहावयाचे ते या कारणाने. चार शहरांवरील त्यांच्या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती आणि तो सर्वांसाठी की केवळ प्रौढांसाठी, हा मूळ वाद होता. चित्रपट इतर कलांपेक्षा मनाला अधिक खोल ढवळतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, हा हिदायतुल्लांचा युक्तिवाद आज गेमबंदीच्या बाजूने सहज वापरता येईल. पण त्याच निकालाचा दुसरा भाग क्वचितच आठवला जातो. पूर्वपरिनिरीक्षण मान्य, मात्र निर्णयाला कालमर्यादा हवी, दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायिक मंच हवा, आणि कलात्मक व कलाहीन यांत भेद करणारी मार्गदर्शक सूत्रे हवीत. चित्रपटासाठीचे असे अपील न्यायाधिकरण १९८३ मध्ये आले आणि २०२१ मध्ये रद्द झाले. गेमसाठी तर ना सूत्रे, ना मंच. राजकोटच्या आदेशाला त्या निकालाची एकही अट लावून पाहिली गेली नाही.

काटछाटीऐवजी वयोगटनिहाय वर्गीकरण, हा मार्ग जगात बहुतेकांनी पत्करला आहे. अमेरिकेत १९९४ पासून, युरोपात २००३ पासून अशी मानांकने आहेत. हिंसक खेळ अल्पवयीनांना विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. ग्रिमच्या परीकथांतही क्रौर्य कमी नाही, असे न्या. स्कॅलिया यांनी त्या निकालात दाखवून दिले. हिरण्यकशिपूच्या पोटाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागू नये. तरीही तो पुरता पटणारा नाही. प्रल्हादाची गोष्ट सांगणारी आजी कोठे थांबायचे हे ऐकणाऱ्या नातवाच्या चेहऱ्यावरून ठरविते.

भारतात २०२१ च्या नियमांनी वेब मालिका, चित्रपट अशा साहित्यासाठी पाच वयोगट आणले, आणि २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील 'यूए' वर्गाचेही सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. ज्यात पैसा नाही पण रक्त आहे, अशा खेळाच्या आशयाची प्रतवारी करणारे चित्रपट मंडळासारखे मंडळ त्यातून आलेले नाही. आज मोबाइलच्या ॲप-दुकानात खेळाच्या नावाखाली जो वयाचा आकडा दिसतो तो साधारणतः निर्मात्याने एका प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांवरून ठरतो. हिंसा आहे काय, असल्यास वास्तववादी आहे काय, रक्त दिसते काय, अशा धर्तीच्या त्या प्रश्नांना उत्तर देणारा निर्माता असतो आणि मूल कोठले आहे, कोणाबरोबर खेळते, याचा त्यात विचार नसतो. हिरव्या रक्ताच्या त्या खेळात अठरा वर्षांखालील खेळाडूने पालकाचा मोबाइल क्रमांक द्यावा, अशी योजना होती. क्रमांक दिला की दार उघडे. तो आईचा आहे, शेजारच्या दादाचा आहे की त्याच मुलाचा, हे ओळखणे त्या दाराला अवघडच होते.