रस्ता नसलेल्या गावात विमान बिघडतं तेव्हा

मागच्या वेळी आपण डोंगरउतारावरच्या धावपट्ट्या पाहिल्या. तिथे उतरलेलं विमान परत सुरू होताना कुरकुरलं तर काय करायचं, एवढंच आज बोलू.

प्रश्न जुना आहे. पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचं पहिलं विमान, एक जुनं वॅको, 1946 साली दक्षिण मेक्सिकोत अपघातात मोडलं. ते गॅरेजात आणणं शक्य नव्हतं. मग नेट सेंट नावाचा तरुण मेकॅनिकच विमानाकडे गेला.

आता इंडोनेशियातल्या पापुआचा डोंगर डोळ्यांसमोर आणा. सेसना 206 उभं आहे, आत बाळंतपणात अडलेली बाई. पायलट इंजिन 1700 फेऱ्यांवर नेऊन मॅग्नेटो तपासतो. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी देणारं यंत्र. ती दोन असतात, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन्हीकडून एकेक स्पार्क प्लग. एक मॅग्नेटो बंद केलं की फेऱ्या थोड्या उतरतात, ते ठीकच. पण 150 पेक्षा जास्त उतरल्या तर गडबड आहे.

बहुतेकदा पेट्रोलमधलं शिसं प्लगवर साचलेलं असतं. मिश्रणातलं इंधन कमी करून इंजिन थोडा वेळ तापवलं की ते जळून जातं. नाही गेलं, तर बिघडलेल्या बाजूवरच इंजिन जरा चालवून बंद करायचं आणि एक्झॉस्टच्या नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकायचे. पाच नळ्यांवर चर्र आवाज येतो, सहावीवर येत नाही. तो सिलिंडर थंड, म्हणजे त्याचा प्लग मेलेला. (या कामात पंख्याला मात्र हात लावायचा नाही. मॅग्नेटोची तार तुटलेली असली, तर किल्ली बंद असूनही इंजिन झटका मारतं.) पेटीत दोन-चार प्लग असतातच, बदलायला अर्धा तास.

आणि प्लग बदलूनही फेऱ्या 200 ने उतरल्या तर? इथे गंमत अशी की या सेवेत पायलट आणि मेकॅनिक बहुधा एकच माणूस असतो. मेकॅनिक म्हणतो, मॅग्नेटो गेलंय. पायलटला बाईचं कण्हणं ऐकू येतंय. गावकरी म्हणतात, इंजिन तर चालू आहे की! खरंच आहे, एका मॅग्नेटोवर विमान उडतंही. पण एसटीच्या ड्रायव्हरला घाटात गाडी कडेला घेता येते. इथे उताराला लागलं की थांबायची सोय नाही, पुढे दरी. सहा हजार फुटांवर हवा विरळ, इंजिनाची ताकद आधीच कमी. त्यात उरलेलं मॅग्नेटो चाललं पाहिजे.

म्हणून माझ्या मते तो निर्णय त्या माणसाने एकट्याने घेऊच नये. रेडिओवर तळाला बोलवावं आणि सांगताना मत नको, आकडे सांगावेत: डावीकडे 80, उजवीकडे 200, प्लग बदलला, फरक नाही. तळावरच्या माणसाला बाई दिसत नाही. त्याने 'थांब' म्हटलं की इंजिन बंद करायचं, लॉगबुकात नोंद करायची, आणि दुसरं विमान मॅग्नेटो घेऊन येईपर्यंत, हवामानाने येऊ दिलं तर, बाईच्या नवऱ्याशेजारी बसून राहायचं.